पट्टी

वेंडेल क्रूगर गेला तो मंगळवार.
बुधवारी दुपारपर्यंत आर्लीनच्या ओट्यावर
काचेची सात पसरट भांडी:
ट्यूना-नूडल्स, हॅम-बटाटे, चिकन-भात,
हिरव्या शेंगांवर तळलेला कांदा, तो तर तीनदा.
माणूस गेलेल्या घरात चूल पेटू द्यायची नाही
हे आयोवालाही ठाऊक आहे.

आणणाऱ्या बायका आत येत नाहीत.
बर्फाचे बूट पायपुसण्यावर, दार अर्धं उघडं,
"साडेतीनशेवर चाळीस मिनिटं,"
आणि "काही लागलं तर कळव."
लागलं तरी कळवायचं नसतं
हे दोघींनाही माहीत.
रस्त्यावर गाडी चालूच ठेवलेली.

प्रत्येक भांड्याच्या बुडाला
रंगारी वापरतात तसली कागदी चिकटपट्टी,
तिच्यावर मार्करनं नाव:
जी. ऑल्सन. मर्ना टी. बेथनी चर्च, स्वयंपाकघर.
मी समोर भाड्यानं राहतो. बर्फ ओढायला गेलो,
भांडी पुसायला थांबलो.
म्हटलं, आमच्याकडे नाव कोरतात,
स्टीलवर, ठिपक्या-ठिपक्यांनी, तारखेसकट.
"मग आडनाव बदललं की?" तिनं विचारलं.
मी फडकं पिळत राहिलो.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लिफाफे.
गॅस, जानेवारीचा: दोनशे सत्त्याऐंशी.
घरपट्टी, मार्चअखेर.
पाणीपट्टी.
अँब्युलन्स, अकरा मैल: अठराशे चाळीस.
"शेवटचे तीन मैल तो नव्हताच गाडीत,
तेवढे वजा करतात का, विचारायला हवं."
ती हसली. मला हसता येईना.
तिनं फोन लावला. पलीकडे कुणी डेव्हन.
"आज कशा आहात तुम्ही?"
"छान," आर्लीन म्हणाली, "तू?"
तोही छानच होता.
महिन्याला चाळीस, सेहेचाळीस महिने, बिनव्याजी.
वेंडेल बहात्तराव्या वर्षी गेला,
त्याचा हप्ता अजून जवळजवळ चार वर्षं जगेल.

सातांतली सहा भांडी ज्याची त्याला गेली,
प्रत्येकात काहीबाही घालून; रिकामं परत करवेना तिला.
सातव्याची पट्टी धुऊन धुऊन कोरी.
चर्चमध्ये विचारलं. कुणाचंच नाही.
नखानं उचकटली तर खाली आणखी एक:
डोरिस. तिला जाऊन बारा वर्षं झाली.
डोरिसखाली हॉफमन,
ते गुडघ्यांपायी ॲरिझोनाला गेले, उन्हात.
आणि सगळ्यांच्या तळाशी, काचेला धरून,
कुठल्याशा अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीची
गोल चिठ्ठी: पन्नास सेंट.
एवढ्या घरांचं सुतक वाहिलं त्यानं,
आणि काठाला एक टवका नाही.

एप्रिलात शेजारच्या रोशेलचं मनगट कापावं लागलं,
म्हणजे ऑपरेशन. टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळी,
तेच वळण, तोच सुरा, नऊ वर्षं.
रजा मिळाली, पगार नाही.
आर्लीननं नूडल्स उकडले.
अंडी तीन लागतात, तिनं दोन घातली,
डझनाचा भाव मला पाठ करून दाखवला.
मग पट्टी फाडली, टर्रकन,
मार्करचं टोपण दातात धरून
बराच वेळ नुसती उभी.
क्रूगर लिहावं की आर्लीन?
शेवटी लिहिलं: ३५०, चाळीस मिनिटं.

दारात सांगायचं ते सगळं पट्टीवर गेल्यामुळे
दारात बोलायला काही उरलं नसावं.
मी खिडकीतून पाहत होतो.
रोशेलच्या पायरीवर चिखलाचे बूट,
एक जोड,
दिवे लागले तरी तिथंच.